जरा उजळ करा

आमच्या दुकानात जुना फोटो दुरुस्तीला आला की गिऱ्हाईक हमखास सांगणार, "जरा उजळ करा." बारा वर्षांत माझा हात असा बसलाय की लग्नाचा अल्बम असो की हार घालायला आजोबांचा फोटो, चेहरा दिसला की तो आधी उजळून मोकळा होतो.

नोव्हेंबरात एका कॉलेजच्या मॅडम पेनड्राइव्हवर नऊ फोटो घेऊन आल्या. प्रदर्शन महात्मा फुल्यांवरचं, पण फोटो फ्रेडरिक डग्लसचे. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रोंच्या सुटकेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. डग्लस त्याच लढ्यातला, स्वतः मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेला आणि १८३८ मध्ये पळालेला. १८४१ च्या सुमारापासून १८९५ मध्ये जाईपर्यंत तो फोटो काढून घेत राहिला. दीडशेच्या वर सापडलेत, लिंकनपेक्षा जास्त.

दुपारपर्यंत चार फोटो उरकले. मॅडम स्टुलावर बसून बघत होत्या.

"अहो, हा कोण? ह्याला पीठ फासलंय का?"

पाहिलं तर खरंच. दोन भुवयांमधली ती खोल खाच पुसली गेली होती. म्हातारपणीच्या फोटोत पांढरी दाढी कुठे संपते नि गाल कुठे सुरू होतो, कळेना.

त्या म्हणाल्या, गोऱ्या चित्रकारांना काळ्या माणसाचा चेहरा वेडावाकडा केल्याशिवाय काढताच येत नाही, असं ह्यानं १८४९ मध्येच लिहून ठेवलंय. म्हणून त्याचा भरवसा कॅमेऱ्यावर. फोटोग्राफीवर भाषणंसुद्धा दिली. हसरा गुलाम लोकांना आवडायचा, म्हणून कॅमेऱ्यासमोर हा हसायचा नाही.

मी आपला अडून बसलो. "मॅडम, तेव्हाच्या काचेच्या प्लेटला तांबडा-पिवळा रंग जवळजवळ दिसतच नसे. कातडी मुळापेक्षा काळी उमटायची. थोडं उजळलं तर उलट खऱ्याच्या जवळ जाईल." मुद्दा खोटा नव्हता, पण चोरी पकडल्यावर सुचलेला.

"किती उजळ, ते कोण ठरवणार? तुम्ही?"

सगळं परत घेतलं. मग फक्त धूळ, बुरशी, ओरखडे. पहिला फोटो डगेरोटाइपचा, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा. त्यात प्रतिमा आरशासारखी उलटी येते. तीही तशीच ठेवली. कपाळावरचा एक ठिपका धूळ की व्रण, ह्यात पाऊण तास गेला. शेवटी सोडून दिला.

संध्याकाळी नऊही ओळीनं लावले. तरुणपणी थेट भिंगात रोखलेली नजर पुढे पुढे बाजूला वळत जाते. केस पांढरे होतात, दाढी येते. खाच मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तिथेच.

मालक मागून डोकावले. "नऊ फोटो, अख्खा दिवस, आणि चेहऱ्याला हातच नाही? बिल कशाचं लावू?"

"धुळीचं लावा," मी म्हटलं.