पद्मिनीच्या गिअरसाठी कुर्ला: निघण्याआधी हे वाचा

"कुर्ल्याला जा, अख्खी पद्मिनी बांधून आणशील." मुंबईत कुर्ल्याला जुन्या गाड्यांच्या भंगाराचा आणि सुट्या भागांचा बाजार आहे, आणि प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाडीचा विषय निघाला की हे वाक्य कोल्हापुरातल्या प्रत्येक गॅरेजात मी ऐकलंय. सांगणाऱ्यांपैकी एकही जण गेल्या दहा वर्षांत कुर्ल्याला फिरकलेला नाही, हे मला तिथून परत आल्यावर कळलं. अख्खी पद्मिनी सोडा, अख्खा दरवाजा मिळाला तरी नारळ फोडा.

गाडी आबांची, १९८८ ची प्रीमियर पद्मिनी. इंजिन ठणठणीत, पण उताराला दुसरा गिअर सुटतो. आंबा घाट उतरताना डाव्या हातानं गिअरची दांडी (या गाडीत ती हँडलला, म्हणजे स्टिअरिंगलाच असते) दाबून धरायची आणि उजव्या हातानं गाडी वळवायची, असा दोन वर्षं कारभार चालला होता. शेवटी दाजी म्हणाले, "एकदा जाऊन येऊ, दोन दिवसांचा तर प्रश्न." शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालो. पाने, टॉर्च, हातमोजे तुमच्याकडं आहेत आणि पंचवीस किलोचं पोतं खांद्यावर घेऊन तुम्ही जिना चढू शकता, असं धरूनच पुढचं लिहितोय. चढू शकत नसाल तर एखादा दाजी बरोबर घ्या.

महालक्ष्मी कुर्ल्याला थांबत नाही. दादरला उतरून लोकलनं मागं यायचं. पश्चिमेला बाहेर पडून रिक्षानं सीएसटी रोड (सीएसटी स्टेशन नव्हे, कुर्ल्यातलाच रस्ता; बाजार इथंच). इथपर्यंत काही त्रास नाही. दहाच्या आत मात्र पोचू नका. आम्ही साडेआठला पोचून दीड तास शटरं बघत बसलो.

बाजार मोठा आहे, यात वाद नाही. दारं, बंपर, सीट, डॅशबोर्ड, सगळं थप्प्या लावून ठेवलेलं. पण ते मारुतीचं, ह्युंदाईचं, सॅन्ट्रोचं आणि वॅगनारचं. पद्मिनी म्हटलं की दुकानदार आधी हसतो, मग विचारतो, "टॅक्सीवाली?" मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. जोवर टॅक्सी धावत होत्या तोवर त्यांच्यासाठी माल राखला जायचा. गिऱ्हाईक गेलं, राखणंही गेलं. तेव्हापासून पद्मिनीला इथं एकच भाव, किलोचा. आणि हे कुठं, तर कुर्ल्यात. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरचा कारखाना इथंच एलबीएस मार्गाजवळ होता. गाडी जिथं बनली तिथून रिक्षानं जाण्याच्या अंतरावर ती तोडली जाते.

आता हे नीट वाचा, कारण कुठल्या गॅरेजवाल्यानं हे मला सांगितलं नव्हतं. मी शिरोलीच्या फाउंड्रीत काम करतो. आमच्या भट्टीत बीडाचं (ओतीव लोखंडाचं) स्क्रॅप जातं, त्यात गाड्यांचे फोडलेले ब्लॉक असतात. तरीही गाडी तुटते कशी ते मी पहिल्यांदा इथं पाहिलं. एका गल्लीत पद्मिनीचं इंजिन जमिनीवर काढून ठेवलेलं होतं. पोरानं हेडचे नट सोडले, हेड एका ढिगात टाकलं, ब्लॉक दुसऱ्या. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बीडाचा, दोन्हींचे भाव वेगळे, म्हणून ते आधी वेगळे होणार. मग त्यानं घण घेतला. पाच-सहा घावांत सिलिंडरच्या भिंती उघड्या पडल्या. आतून त्या अजून चकचकीत होत्या.

तर क्रम असा. बॅटरी शिशासाठी, रेडिएटर तांब्या-पितळेसाठी, स्टार्टर आणि डायनॅमो आतल्या तांब्याच्या गुंडाळीसाठी, हे गाडी आली त्याच दिवशी संपतं. काचेला भंगारात काहीच भाव नाही, म्हणून ती पत्र्यातून मोकळी करताना सरळ फोडतात. ज्याला जास्त भाव ते आधी जातं आणि ज्याला भावच नाही तेही आधी जातं. उरतं ते मधलं: काच खाली-वर करायची हँडलं, दारांच्या मुठी, पत्र्यावरची नावं, हॉर्नची रिंग. हे पोत्यात भरून कोपऱ्यात पडलेलं असतं आणि पोतं उपडं करायला कुणी नाही म्हणत नाही. रेडिएटर हवा असेल तर भंगारात शोधू नका, आहे तोच दुरुस्त करून घ्या.

आता गिअरबॉक्स. सीएसटी रोडवरच्या एका दुकानात (नाव लिहीत नाही, लिहून मन शांत होणार नाही) तो मिळाला. वरून काळा रंग मारलेला, नट नवे. "ओरिजिनल, टॅक्सी का नहीं है, प्राइवेट गाडी का." चौदा हजार सांगितले. दाजींनी पाचला सुरुवात केली, साडेनऊला तुटलं. उघडून दाखवा म्हटलं तर म्हणाला, सील आहे, उघडलं तर घ्यावाच लागेल. तिथंच उठायला हवं होतं. पण मी रात्रभर बसून आलेलो, उन्हात तीन तास फिरलेलो आणि समोर आयुष्यात पहिल्यांदा हँडलच्या गिअरचा सुटा बॉक्स बघत होतो. अशा वेळी माणूस मूर्ख होतो. निर्णय घेण्याआधी जेवून घ्या, हा माझा सगळ्यात महत्त्वाचा तांत्रिक सल्ला.

पोतं घेऊन चहाला थांबलो. चहावाल्यानं आत काय आहे विचारलं आणि म्हणाला, मागच्या गल्लीत एक चाचा आहेत, चाळीस वर्षं टॅक्सीच बांधल्यात, त्यांना विचारलंत का? आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. आम्ही दुकानं शोधत होतो.

चाचांची जागा म्हणजे आठ बाय दहाची खोली आणि वर लाकडी माळा. २६ जुलै २००५ ला मिठी नदीचं पाणी खोलीत शिरलं तेव्हा खालचं सगळं गेलं, माळ्यावरचं वाचलं. तेव्हापासून कामाचं सगळं माळ्यावर. त्यांनी पोत्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, बोलले काही नाही. बॉक्स कुशीवर वळवून खालचा ड्रेन बोल्ट सोडला, थोडं तेल करंगळीवर घेतलं आणि उजेडात धरलं. तेलात सोनेरी भुकटी चमकत होती. आतल्या पितळी रिंगा झिजून तेलात उतरलेल्या.

"कितने में लिया?"

मी म्हटलं, सहा.

"छे में भी गया."

झाकण काढलं तर तिसऱ्या गिअरचे दोन दात नाहीत. सील म्हणजे हे. आणि त्याच खोलीत, तारेला ओवून, पद्मिनीचा सुटा दुसरा गिअर लटकत होता. स्लीव्हसकट (गिअर शाफ्टला गुंतवणारी कडी) बाराशे रुपये. मी घासाघीस केली नाही, तोंडच नव्हतं. माळ्यावर आणखी सोलेक्स कार्बोरेटर होते, डिस्ट्रिब्युटर होते, पुढचे स्प्रिंग होते, प्रत्येकाला दोरा आणि पुठ्ठ्याची चिठ्ठी. महाग आहेत. चाचा स्वस्त देत नाहीत, तसं त्यांनी म्हटलंही नाही. पण वस्तू हातात देऊन, फिरवून दाखवून देतात. काय पाहिजे ते तोंडी सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत, तुमचा मोडका तुकडा बघायला मागतात. म्हणून जुना तुकडा बरोबर न्या. फोटो चालत नाही.

दुकानात परत गेलो. तो शांतपणे म्हणाला, माल परत घेतो, किलोच्या भावानं. नऊशे रुपये. दाजी म्हणाले, "घ्या अन् चला." माझं डोकं फिरलं होतं. नऊशे घेतले असते तर दोन दिवसांत त्यातला बरा माल घणाखाली गेला असता आणि कदाचित महिन्याभरात माझ्याच फाउंड्रीच्या दारात आला असता. पोतं उचललं.

यापुढचा टप्पा सगळ्यात वाईट. कुर्ल्याची रिक्षा सायनच्या पुढं जात नाही, मुंबई शहरात रिक्षाला परवानगी नाही. हे माहीत असूनही टॅक्सीचे पैसे वाचवायला आम्ही रिक्षानं कुर्ला स्टेशन गाठून पुढं लोकलनं दादरला जायचं ठरवलं. गर्दीमुळं रिक्षा अर्ध्या वाटेतच थांबली. शनिवारची संध्याकाळ, पोतं एकदा माझ्या खांद्यावर, एकदा दाजींच्या. स्टेशनच्या पुलाच्या मधल्या टप्प्यावर पोतं खाली ठेवलं तर मागून येणाऱ्या माणसांचा लोंढा फुटून दोन्ही बाजूंनी वाहायला लागला आणि आम्ही खडकासारखे मधे. एक बाई म्हणाल्या, "मेलेलं काय घेऊन चाललात का?" वास तसाच येत होता. गिअरचं तेल जुनं झालं की सडक्या अंड्यासारखं घाणतं. आणि घाईत ड्रेन बोल्ट हातानंच लावलेला होता.

तर: बाजारातच तेल पूर्ण ओतून घ्या, बोल्ट पान्यानं आवळा, बॉक्स आधी प्लॅस्टिकमध्ये आणि मग दोन पोत्यांत बांधा. आणि टॅक्सी थेट दादरपर्यंत करा. जे तीन-चारशे वाचवायला गेलो ते दाजींच्या पाठीच्या मलमात गेले. रात्री महालक्ष्मीत बर्थखाली तेलाचा ओघळ समोरच्यांच्या बॅगेपर्यंत गेला. त्यांनी लोणावळ्यापर्यंत आम्हाला जे सुनावलं ते योग्यच होतं.

पुण्यात बहिणीकडं उतरलो. रविवारी जुना बाजार. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. दिवस छान गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. हॉर्नची रिंग आणि दोन मुठी तीनशेत मिळाल्या, पुढच्या दाराची त्रिकोणी काच फ्रेमसकट चारशेत. काच अख्खी मिळणं किती अवघड ते वर लिहिलंच आहे, त्यामुळं मी हवेत होतो. संध्याकाळी स्वारगेटहून एसटी.

कागदांचं एक सांगतो. गिअरबॉक्स, दारं, काचा यांचा आरसीशी संबंध नाही. इंजिन ब्लॉकचा आहे. त्यावर नंबर असतो, बदलायचा तर आरटीओची मंजुरी लागते आणि नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो. पावतीशिवाय ब्लॉक घेऊ नका, मग तो कितीही चकचकीत असो. व्हिंटेज नोंदणीचं स्वप्नही कुणी दाखवलं तर हसा, त्याला गाडी पन्नास वर्षांच्या पुढची लागते आणि ती रोज वापरता येत नाही. पद्मिनी हे नाव गाडीला १९७४ मध्ये मिळालं, तेव्हा अगदी सुरुवातीच्या गाड्यांचाच आता कुठं नंबर लागतोय. फियाट अकराशे (पद्मिनीचंच आधीचं रूप) असेल तर गोष्ट वेगळी.

कुर्ल्याला जावं का? पत्रा, मुठी, नावं हवी असतील तर जा, पोती उपडी करा, मजा येते. चालणारा भाग हवा असेल तर दुकानं सोडा, जिथं टॅक्सी दुरुस्त व्हायच्या त्या गल्ल्यांत चहावाल्यांना विचारा. आणि लवकर जा. चाचांचा मुलगा एसीची कामं करतो, त्याला माळा रिकामा हवाय.

चाचांचा गिअर बसला, आंबा घाटात दुसरा गिअर सुटत नाही. साडेनऊ हजारांचा बॉक्स उघडून धुतला. पहिला आणि चौथा गिअर, शाफ्ट, बेअरिंगा चांगल्या निघाल्या, तेल लावून कागदात गुंडाळून ठेवल्यात. पुण्याची काच मात्र दाराला लावून बघितली तेव्हा कळलं, ती डावीकडची आहे. बाजारात मी ती उलटी धरून बघितली होती. माझी फुटलीय ती उजवी. डावी आता माझ्याकडं दोन झाल्या. कुणाकडं उजवी जास्तीची असेल तर अदलाबदल करू, कोल्हापूरपर्यंत आणायची जबाबदारी माझी.