दोन पॉइंट सात

“मॅडम, माझ्याकडे चालतंय.”

हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की म्हणणाऱ्यावर चिडायचंही आता होत नाही. परवा दुपारी डबा धुऊन जागेवर येतेय तोच आमच्या टीममधला पोरगा लॅपटॉप घेऊन हजर. एका पतसंस्थेच्या जुन्या सर्व्हरवर त्याने पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला नवा रिपोर्ट टाकला होता. लॅपटॉपवर छान पळाला, तिकडे मात्र ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’, म्हणजे लिहिण्यातच चूक.

एररखाली पायथन एक टोकदार चिन्ह काढून दाखवतो, की अडलं ते इथे. इथे ते टोक होतं बंद होणाऱ्या अवतरणचिन्हाखाली. पोरगा बराच वेळ अवतरणचिन्हांच्याच मागे लागला होता. एकेरी करून बघितली, दुहेरी करून बघितली, दुसऱ्या ओळीतून कॉपी करून चिकटवली. चिन्हाचा बिचाऱ्याचा काय दोष? दोष होता सुरुवातीच्या एफ या अक्षराचा. मजकुरापुढे एफ लावून महिरपी कंसात थेट व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवणारं नाव, लिहायची सोय आली पायथन ३.६ मध्ये, डिसेंबर २०१६ ला. सर्व्हरवर होतं जुनं व्हर्जन, २.७. त्याला तो एफ म्हणजे कुठलंतरी नाव वाटलं, आणि नावाला खेटून मजकूर कसा काय, म्हणून मजकूर संपला तिथे तो ठिय्या देऊन बसला.

गंमत म्हणजे पोराने शहाणपणाने फाईलच्या तोंडालाच तपासणी ठेवली होती. व्हर्जन जुनं असेल तर तसा स्वच्छ निरोप छापायचा. निरोप काही छापला गेला नाही. पायथन आधी अख्खी फाईल वाचून घेतो, मगच पहिली ओळ चालवतो. पुढे कुठेही वाचनात अडला की पहिल्या ओळीचीसुद्धा पाळी येत नाही.

मला २.७ बद्दल माया आहे. लोक त्याला नावं ठेवतात तेव्हा घरच्या माणसाला बोलल्यासारखं लागतं. पायथन ३ आला डिसेंबर २००८ मध्ये, जुन्याशी मुद्दाम फारकत घेऊन. त्यानंतर जुलै २०१० मध्ये २.७ आला, जुन्या घराण्यातला शेवटचा. त्याची निवृत्ती ठरली होती २०१५ ला. कुणी हलेना, तेव्हा ती २०२० पर्यंत पुढे ढकलावी लागली. त्यात एक सोय होती ती मला फार आवडायची. वरच्या ओळीत ‘फ्रॉम फ्युचर इम्पोर्ट’ असं लिहिलं की नव्या पायथनमधल्या काही गोष्टी जुन्यात उतरायच्या. भविष्यातून मागवायच्या, चक्क! फक्त २०१० साली जेवढं भविष्य ठाऊक होतं तेवढंच तिथे मिळतं. एफ त्यात नाही.

तर एफ काढला, जुनं फॉरमॅट लावलं. पुढची एरर आली आणि मी हसलेच. ॲस्कीला, म्हणजे इंग्रजी अक्षरांपुरत्या जुन्या संकेताला, ई-झीरो हा बाइट (संगणकाच्या साठवणीचा एक तुकडा) वाचता येत नाही म्हणे. २.७ वर ज्याने मराठी नावं छापायचा घाट घातलाय त्याला हा ई-झीरो ओळखीचा. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा यूटीएफ-८ या सगळ्या लिप्यांच्या संकेतात ३ बाइट खातात आणि त्यातला पहिला कायम हाच असतो. सभासद अण्णासाहेब असोत की यशोदाबाई, दारातच ई-झीरो. ‘मराठी’ या शब्दाची लांबी साध्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुरात, २.७ ला विचारा, तो बाइट मोजून १५ सांगेल. पायथन ३ काना-वेलांटी वेगळी मोजून सांगतो ५. पहिलीतलं पोर बोटं मोडून ३ सांगेल, आणि माझं मत त्या पोराला.

अनुस्वारालाही स्वतःचा वेगळा नंबर आहे, त्याचेही ३ बाइट. हे आजोबांना सांगायला हवं होतं.

त्यांचं शिक्षण १९६२ च्या आधीचं. त्या साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नवे नियम सरकारने मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. आजोबांकडून मात्र गेले नाहीत. तिसरीत असताना त्यांनी मला निबंध सांगितला: ‘आमच्या शाळेंत मोठें पटांगण आहे. तेथें मुलें खेळतात.’ टिंबं कुठे द्यायची तेही सांगितलं आणि मी इमानेइतबारे दिली. वही परत आली तेव्हा प्रत्येक टिंबाभोवती लाल शाईचा गोल होता, एक सोडून. आजोबांनी वही डोळ्यांजवळ नेली, चष्मा कपाळावर चढवला, आणि ‘पटांगण’वर बोट ठेवून म्हणाले, “हा ठेवला वाटतं.”

बाईंशी भांडायला ते गेले नाहीत, लिहिणंही बदललं नाही. कॅलेंडरवर ‘आज दूध आलें नाहीं’ अशी नोंद करताना टिंबाशी निब जरा दाबून फिरवायचे. तिथे कागदाला भोकं पडलेली असायची. महिना उलटून कॅलेंडर उजेडात धरलं की दूध कधी आलं नाही ते मागूनही कळायचं.

मी काय सांगत होते? हां, व्हर्जन.

एरर देणाऱ्या कोडची मला धास्ती वाटत नाही. तोंडावर बोलतं, सुटसुटीत. धास्ती वाटते ती निमूट चालणाऱ्याची. २.७ मध्ये ५ भागिले २ केलं की उत्तर २ येतं, पायथन ३ मध्ये २.५. दोन्हीकडे एरर नाही की कुरकुर नाही. पतसंस्थेचा जुना हिशेब कुणीतरी या २ च्या भरवशावर लिहिलेला असतो, पै-पैशाची वाटणी त्यावर जुळत आलेली असते. नव्यावर नेलं की ताळेबंद अर्ध्याने हलतो आणि ऑडिटच्या आदल्या रात्री कळतं. म्हणून ‘अपग्रेड करून टाका ना’ म्हणणाऱ्या माणसाला मी आधी खुर्ची देते, मग चहा देते, मग भागाकारांची यादी देते. शिवाय त्या सर्व्हरवर आहे सेंटओएस ७ ही ऑपरेटिंग सिस्टिम. तिथलं यम, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारी कळ, याच पायथनवर चालते. जुना काढून नवा बसवायला जावं तर यमच रुसतो.

पोराने नावं आधी नीट डीकोड करून, म्हणजे बाइटांची पुन्हा अक्षरं करून, घेतली, रिपोर्ट चालला. पतसंस्थेचे व्यवस्थापक म्हणाले, “चालतंय ना? मग हात लावू नका.”

माया आपल्या जागी, पण तो सर्व्हर बंद व्हायलाच हवा. २.७ चं शेवटचं प्रकाशन एप्रिल २०२० मधलं. त्यानंतर मूळ प्रकल्पाने सुरक्षेची एकही दुरुस्ती दिलेली नाही. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. आणि त्या डब्यात पेन्शन ठेवणाऱ्या माणसांची नावं, पत्ते, खाते क्रमांक आहेत. तसं लेखी कळवलंय, पोच घेतली आहे. भागाकारांची यादी मीच करायला घेतली आहे.