रत्ना × रायवळ : दुसऱ्या मोसमाची नोंद

हाताने पराग लावून धरलेल्या आंब्याची कोय रुजली! पिशवीत वीतभर रोप आहे, पानं तांबूस, अजून लुसलुशीत.

आई आमच्या बागेतली रत्ना. ती स्वतःच संकर, नीलम × हापूस, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून १९८१ मध्ये आलेली. दरवर्षी धरते, फळात साका (गरातला पांढरट, न पिकलेला भाग) नाही. बाप काकीच्या परड्यातला रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेला गावठी आंबा. त्याच्या रसाचं साठं (वाळवलेली आंबापोळी) ज्याने खाल्लंय तो दुसरं मागत नाही. काकी सांगते, "कोय माझ्या सासऱ्यान लावलेली. झाडाचो बापूस कोण, ता देवाक म्हायत." म्हणूनच या रोपाचे आईबाप दोन्ही लेबलवर लिहिताना मला फार बरं वाटलं. रायवळाला आई केलं नाही, कारण काही रायवळांच्या एका कोयीतून तीन-चार रोपं येतात आणि त्यातली बरीचशी आईचीच नक्कल असतात. रत्नाची कोय एकच रोप देते.

गेल्या वर्षी परका पराग येऊ नये म्हणून तुऱ्यांवर प्लॅस्टिक बांधलं, आत पाणी साचून मोहोर काळा पडला. यंदा मलमल. तुऱ्यात पुष्कळ फुलं नुसती नर असतात. मध्ये हिरवट मणी दिसेल तेवढीच ठेवायची, बाकी खुडायची. त्या फुलात कामाचा पुंकेसर बहुधा एकच. त्याचं टोक गुलाबी आहे तोवर चिमट्याने काढायचं; जांभळट झालं की पराग सुटलाच समजा, ते फूल सोडून द्या. रायवळाचा पराग मात्र सुटेपर्यंत थांबावं लागतं, मग तो या फुलांना लावायचा. दव जास्त पडलं त्या दोन दिवशी मी साडेदहापर्यंत झाडाखाली बसून होतो.

११२ फुलांना पराग लावला. फळं वाटाण्याएवढी ९, सुपारीएवढी ४, पिकेपर्यंत २. एका कोयीत भुंगा निघाला. शेजारच्या तुऱ्यावर २० फुलांचे पुंकेसर काढून, पराग न लावता पिशवी बांधली होती. तिथे एकही कणी (बारीक फळ) धरली नाही. रोप संकराचंच आहे असं मी या भरवशावर म्हणतो.

कोयीवरच्या झाडाला फळ यायला सहा-आठ वर्षं जातात. तेवढं थांबायचं नाही. काडी पेन्सिलीएवढी झाली की विहिरीकडच्या मोठ्या आंब्याच्या कोवळ्या फुटीवर तिचं मृदकाष्ठ कलम (कोवळ्या लाकडावरचं कलम) बांधणार. जानेवारीत हीच जोडी पुन्हा, तीनशे फुलांवर. मलमलीच्या पिशव्या काकी शिवायला बसलीय.