चोक सोडला की बंद!

आज अखेर जुन्या बाईकचा कार्बुरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) उघडला. चोक (मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) ओढला की गाडी चालू, सोडला की बंद, म्हणजे संशय थेट पायलट जेटवर, इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावर. फ्लोटच्या वाटीत (कार्बुरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं ती) पेट्रोल कसलं, राळेसारखा चिकट थर! वर्षानुवर्षं उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि हे मागे उरतं.

जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यात तार खुपसायचा मोह होतोच (आवरा!). पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट कामातून गेला. क्लीनरमध्ये भिजवला, हवेचा झोत मारला, उजेडाकडे धरून आरपार पाहिलं. मिक्श्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण जुळवणारा) हलकेच पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर; पुढचं इंजिनचा आवाज ऐकत, कानांनी.

आयडलिंग (ॲक्सिलरेटर न देता इंजिन मंद चालू राहणं) मस्त धरलंय. फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी) अजून गळतेय, नवी मागवलीय. तोवर गाडी उभी केली की टाकीखालचा पेट्रोल कॉक बंद.