आमची वाटचाल : बुडाला भोक पाडेपर्यंत

निवडुंगाच्या बशा सजवून विकायला लागलो तेव्हा आम्ही दोघी बहिणी होतो. जागा म्हणजे घराची गच्ची, अवजारं म्हणजे एक जुना चमचा आणि घड्या घातलेलं वर्तमानपत्र. त्या कागदाची पट्टी रोपाच्या कमरेभोवती गुंडाळायची आणि दोन्ही टोकं धरून रोप उचलायचं. चिमट्याने काटे मोडतात, म्हणून आजही कागदच वापरतो.

पहिल्या खेपेच्या बशा दिसायला देखण्या होत्या. काचेचे वाडगे, तळाशी रंगीत खडे, वर काळीभोर माती, त्यात गोल मॅमिलेरिया आणि उभा सेरियस हे निवडुंग, आणि शोभेला फर्न. हातोहात गेल्या. महिना-दीड महिन्यात एकेक परत यायला लागली. रोपं वरून हिरवी आणि बोट लावलं की बुडातून मऊ. एका बाईंनी शांतपणे विचारलं, "हे असंच असतं का हो?" त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सगळ्यांचे पैसे परत केले.

चूक होती तळाच्या खड्यांत, ज्यांवर आमचा सगळ्यात जास्त भरवसा. जास्तीचं पाणी खड्यांत उतरेल आणि मुळं कोरडी राहतील असं वाटायचं. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. माती गच्च भिजेपर्यंत ते खड्यांच्या वरच अडून राहतं. म्हणजे खडे घालून ओल आम्हीच मुळांजवळ वर आणून ठेवली होती. त्यातून काचेला भोक नाही, त्यामुळे जे उतरलं त्यालाही बाहेर वाट नाही. खडे आता फक्त वर पसरतो. रोपाची मान कोरडी राहते आणि बशी नीटनेटकी दिसते.

मग सिरॅमिकच्या पसरट बशांना भोकं पाडायला शिकलो. शिकलो म्हणजे आधी बऱ्याच फोडल्या. ड्रिलचा ठोका बंद ठेवायचा, जागेवर चिकटपट्टी लावायची, पाण्याची धार चालू ठेवायची आणि जोर अजिबात लावायचा नाही. बहिणीचा हात यात माझ्यापेक्षा हलका आहे. मिश्रणात निम्म्याहून जास्त धुतलेली जाडी रेती आणि परलाइट म्हणजे हलके पांढरे सच्छिद्र खडे, बाकी थोडं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा.

एका बशीत एकाच तहानेची रोपं, हा नियमही तेव्हाच केला. फर्न गेलंच. हॉवर्थिया आणि गॅस्टेरिया या मांसल पानांच्या रोपांना कडक ऊन सोसत नाही, म्हणून त्यांची बशी वेगळी. सर्वात जास्त खप होता लाल-पिवळ्या टोप्यांच्या निवडुंगांचा. त्या टोपीत हरितद्रव्य नसतं, ती खालच्या हिरव्या खोडावर कलम करून जगवलेली असते. ही जोडी फार वर्षं टिकत नाही. कायमस्वरूपी बशीत ती लावणं आम्ही बंद केलं. विक्री घटली, आणि त्यावरून आमचं भांडणही झालं.

सुरुवातीला काटा दिसला की आम्ही निवडुंग म्हणायचो. खऱ्या निवडुंगाचे काटे लवदार गादीसारख्या ठिपक्यातून येतात. तो ठिपका नसेल आणि कापल्यावर पांढरा चीक आला, तर ते युफोर्बिया, निवडुंग नव्हे. तो चीक डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते. सशाच्या कानांसारख्या ओपुंशियाला मोठे काटे नसतात, म्हणून बहिणीने तो उघड्या हाताने धरला आणि संध्याकाळभर मी चिकटपट्टीने तिच्या बोटांतली कुसळं उपटत बसले. लहान मुलांच्या घरी तो आम्ही देत नाही.

गिऱ्हाइकांना सर्वात अवघड जातं ते पाणी न घालणं. लावताना तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकायला आठवडाभर तरी लागतो, तोवर थेंबही नको. त्यानंतरही बशीत तळापर्यंत काडी खुपसायची आणि ती कोरडी निघाली तरच पाणी. निवडुंग आपल्या अंगावरची हवेची बारीक छिद्रं रात्रीच्या गारव्यात उघडतो, त्यामुळे त्याचं पाणी फार उडत नाही. हे सगळं एका कार्डावर लिहून बशीबरोबर देतो. तरीही काहीजण रोज फवारतातच, मायेपोटी.

आता आम्ही चौघीजणी आहोत. घाईची मोठी मागणी अजूनही नाकारतो. निवडुंग आपल्या चालीनेच वाढतो आणि आम्ही बियांपासून वाढवलेलीच रोपं लावतो. त्या पहिल्या खेपेतले काचेचे वाडगे शेल्फवर आहेत. एकात ड्रिलची टोकं असतात, दुसऱ्यात चिकटपट्टी.