सरांचे खासदार

जानेवारी १९७१. मी तेव्हा दहावीत होतो. आमच्या कोकणातल्या राजापूर मतदारसंघाने लोकसभेत पाठवलेले बॅरिस्टर नाथ पै बेळगावात वारल्याची बातमी शाळेत आली आणि आमच्या विज्ञानाच्या सरांनी हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवून दिला. त्या तासाला पुढे काही शिकवणं झालं नाही.

दोन महिन्यांवर निवडणूक आली. राजापूरची उमेदवारी प्रजासमाजवादी पक्षाने प्रा. मधू दंडवते यांना दिली. जन्म नगरचा, नोकरी मुंबईत. ‘घाटावरचो मास्तर, तेका आमचा काय कळतला?’ असं बाजारात लोक उघड बोलत. सर मात्र खुलले. सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवणारा माणूस दिल्लीला जाणार, याचंच त्यांना अप्रूप. बेचाळीसचा लढा, गोव्याचा सत्याग्रह हे सगळं त्यांनी नंतर सांगितलं, आधी फिजिक्स! बाजारातल्या सभेला आमच्याच शाळेचे बाक आम्ही पोरांनी उचलून नेले. इंदिराबाईंच्या लाटेत भलेभले वाहून गेले, पण राजापुरात दंडवत्यांची निशाणी, झोपडी, निवडून आली.

पुढे मी मुंबईला नोकरीला लागलो. आणीबाणीत सरांची पत्रं येत, पण त्यांत राजकारणाचं अक्षर नसे. दंडवते पक्षांतरबंदी विधेयकाच्या संसदीय समितीसाठी बंगलोरला गेले होते. वाजपेयी, अडवाणीही तिथेच होते. तिथेच सगळ्यांना पकडलं. दंडवते बंगलोरच्या तुरुंगात, प्रमिलाताई येरवड्याला. नवराबायको दोन तुरुंगांतून एकमेकांना पत्रं लिहीत राहिली. एका शब्दाची माफी मागून सुटण्याचा विचार ज्यांच्या मनाला शिवला नाही, त्यांच्यासाठी १९७७ ला मी रात्रभर एसटीने गावी जाऊन मत दिलं. ते माझं पहिलं मत.

ते रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या संपात घरी बसवलेल्या कामगारांना त्यांनी परत कामावर घेतलं. आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोमची गादी घातली. ज्यांनी त्या फळीवर रात्र काढली आहे त्यांनाच याची किंमत कळेल. गरिबाची पाठ हा सरकारने विचार करण्याचा विषय आहे, हे मंत्रालयात बसून किती जणांना सुचलं असतं? गंमत अशी की आमच्या कोकणात तेव्हा गादी घालायला गाडीच नव्हती!

तीही आली, पण उशिरा. १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, आणि कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. पुढच्याच वर्षी, सलग पाच वेळा निवडून दिलेल्या माणसाला आम्ही पाडलं. आम्ही म्हणतो, कारण मीही मत द्यायला गेलो नव्हतो. रजा नाही, तिकीट नाही, आणि ‘नाना’, म्हणजे दंडवते, ‘येतीलच निवडून’ ही खात्री. सरांनी त्याबद्दल मला कधी विचारलं नाही. त्यांनी विचारायला हवं होतं.

संसदेतली बहुतेक वर्षं दंडवते विरोधी बाकांवर बसले. समोरच्याला बोलू देऊन मग आकड्यांनिशी उत्तर द्यायचं, ही वर्गातली सवय त्यांनी लोकसभेतही सोडली नाही. आज सभागृहातली आरडाओरड पाहिली की मला ती फार आठवते. १२ नोव्हेंबर २००५ ला ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दिला. तिथेही विद्यार्थ्यांच्याच हाती.

१९९८ ला कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण सुरू झाला, तेव्हा सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्या मे महिन्यात त्यांना मुंबईला डोळे दाखवायला मीच घेऊन निघालो. कुडाळला गाडीत चढल्यावर सर बसलेच नाहीत. वाकून बर्थच्या कडेला अंगठा आणि तर्जनी लावून जाडी मोजत राहिले. मागचे लोक ‘आजोबा, पुढे व्हा’ म्हणत होते.

‘दोन इंच,’ सर म्हणाले. ‘बरोबर दोन इंच आहे रे.’ आणि मग टेकले.