ठकीचं ताट, नोंद तिसरी: आधी तोलायचं, मग वाढायचं

मंडळी, माझ्या मांजरीला, ठकीला, वेळेवर मोजून खाणं वाढणारं यंत्र (फीडर) मी घरी बनवतेय. मागची नोंद लिहिली तेव्हा ऑगर (नळीत फिरून दाणे पुढे ढकलणारा मळसूत्री दांडा) फिरत होता, दाणे पडत होते, आणि आता फक्त डब्याला झाकण बसवायचं राहिलंय असं मी लिहून मोकळी झाले होते. त्यानंतर पाच आठवडे गेले. झाकण अजून तसंच आहे, पण आतलं जवळजवळ सगळं बदललं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. ठकी ४.२ किलोची आहे. डॉक्टरांनी तिला दिवसाला ५६ ग्रॅम कोरडं खाणं ठरवून दिलंय, ते मी १४ ग्रॅमच्या चार वेळांत वाटते. पहिल्या आवृत्तीत सर्वोवर (ठरल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरवर) बसवलेली झडप होती. एक दाणा झडपेच्या फटीत अडकला, झडप उघडीच राहिली आणि सगळा डबा खाली रिकामा झाला. ठकीने पोट फुटेस्तोवर खाल्लं आणि रात्रभर ओकत होती. त्या रात्री झडप काढून टाकली. दुसऱ्या आवृत्तीत नेमा १७ स्टेपर (एकेक स्टेप, म्हणजे पायरी, फिरणारी मोटर), तिला चालवणारा ए४९८८ ड्रायव्हर आणि थ्रीडी प्रिंट केलेला ऑगर आला. पूर्ण फेऱ्याला साधारण ५ ग्रॅम पडायचे, म्हणून तीन फेरे असा हिशेब मी कोडमध्ये लिहून टाकला.

तो हिशेब चुकीचा होता. ऑगरच्या पात्यात आणि नळीच्या तोंडाच्या कडेत दाणा आडवा सापडला की मोटर कटकट करते, स्टेप चुकतात, कोड मात्र तीन फेरे पूर्ण झाले म्हणून गप्प बसतो. दोन दिवस ठकी संध्याकाळी दारातच ओरडत होती आणि मला वाटत होतं, माझी वाट बघतेय. ती उपाशी होती. मांजर दोन-तीन दिवस नीट जेवलं नाही तर यकृतात चरबी साठायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. म्हणून या आवृत्तीचा एकच हट्ट धरला: मोटर फिरली हा पुरावा नाही, वजन पडलं हाच पुरावा.

लोड सेल (भाराने किती वाकली त्यावरून वजन सांगणारी धातूची पट्टी) आधी ताटलीखाली लावला. ऑगरचा आवाज आला की ठकी पळत येते आणि दाणे पडत असतानाच तोंड घालते. संगणकावर, सिरियल मॉनिटरच्या खिडकीत, आकडे असे यायचे: ३.१, ६.४, आणि मग एकदम २१२. तिची हनुवटी काठावर टेकलेली! कोडला वाटायचं १४ ग्रॅम झाले, मोटर बंद. पोरीला मिळाले जेमतेम ६ ग्रॅम. सरासरी काढून बघितली, मध्यक काढून बघितला, तिच्या वजनाचे आकडे गाळून बघितले. एक आठवडा त्यातच गेला.

आईला फोनवर हे सांगत होते. ती म्हणाली, "अगं, वाणी काय तुझ्या पिशवीत तोलतो का? आधी तराजूत घालतो, मग पिशवीत ओततो." फोन ठेवला आणि कागद घेतला.

आता ऑगरमधून दाणे वरच्या एका छोट्या वाटीत पडतात. ही वाटी १ किलोच्या लोड सेलवर लटकते, ठकीच्या आवाक्याबाहेर. १४ ग्रॅम भरले की वाटीच्या तळाची झडप एसजी९० सर्वो उघडतो आणि दाणे खालच्या स्टीलच्या ताटलीत पडतात. झडप परत आली, पण आता ती अडकली तरी एका वेळेपुरतेच दाणे सांडतील, आणि वाटी रिकामी झाली नाही हे वजनावरून लगेच कळतं.

लोड सेल बसवताना एका टोकाखाली दोन वॉशर घालाच. पट्टी सपाट टेकली की ती वाकतच नाही, आणि न वाकणारा लोड सेल काही मोजत नाही. सर्वो वाटीवरच बसवला आहे, त्यामुळे त्याच्या वायरचा ताणही वजनात येतो. साध्या कडक वायरने मला २ ग्रॅमची चूक येत होती. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून मऊ सिलिकॉनची वायर आणली, सैल वळसा देऊन सोडली, आणि प्रत्येक जेवणाआधी शून्य करायला लागले. चूक अर्ध्या ग्रॅमच्या आत आली. तराजू जुळवायला (कॅलिब्रेशनला) वजनं विकत घेऊ नका. २०११ ते २०१८ च्या छापाचं पाच रुपयांचं नाणं ६ ग्रॅमचं असतं. न झिजलेली दहा नाणी म्हणजे ६० ग्रॅम. माझं कॅलिब्रेशन त्यांच्यावरच झालंय.

कोडचं तर्कट सोपं आहे. ११ ग्रॅमपर्यंत ऑगर सलग फिरतो, पुढे अष्टमांश फेरा, थांबा, वजन, पुन्हा अष्टमांश. एका पूर्ण फेऱ्यात १ ग्रॅमही वाढलं नाही तर अडकलंय असं धरून अर्धा फेरा उलटा. तीनदा उलटा करूनही हललं नाही तर बझर वाजतो आणि टेलिग्रामवर मला निरोप येतो. नळीच्या तोंडाची कड कानशीने तिरकी केल्यापासून अडकणं फारच कमी झालंय. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आता या महिन्यातला सगळ्यात मोठा गुंता. पावसात आमच्याकडे लाईट जाते-येते. लाईट आली की फीडर चालूच व्हायचा नाही. रीसेटचं बटण दाबलं की लगेच चालू! अॅडॉप्टर बदलला, व्होल्ट कमी करणारा बक कन्व्हर्टर बदलला, मोठा कपॅसिटर टाकला, काही फरक नाही. शेवटी मल्टीमीटर घेऊन एकेक पिन बघत बसले. लोड सेलचं मोजमाप आकड्यात बदलणारी चिप म्हणजे एचएक्स७११, आणि सगळा फीडर चालवणारा बोर्ड म्हणजे ईएसपी३२. मी एचएक्स७११ चा डेटा ईएसपी३२ च्या १२ नंबरच्या पिनला जोडला होता. चालू होताना ईएसपी३२ ती पिन वाचून फ्लॅश मेमरीला किती व्होल्ट द्यायचे ते ठरवतो. पिनवर व्होल्ट असेल, म्हणजे ती हाय असेल, तर ३.३ ऐवजी १.८ देतो आणि बोर्ड बूट होत नाही. एचएक्स७११ मध्ये मोजमाप तयार नसेल तोपर्यंत त्याचा डेटा हायच असतो, आणि वीज आल्यावर पहिलं मोजमाप तयार व्हायला त्याला साधारण ४०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे वीज आली की नेमका त्याच क्षणी हाय. रीसेट दाबेपर्यंत मोजमाप तयार, डेटा लो, सगळं सुरळीत. वायर ३२ नंबरला हलवली आणि प्लग वीस वेळा काढून घातला. वीसही वेळा चालू झाला. मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या.

लाईटचं आणखी एक. दिलेलं जेवण तारखेसकट फ्लॅशमध्ये नोंदवून ठेवा, नाहीतर वीज आल्यावर तेच जेवण पुन्हा पडेल. वेळेसाठी डीएस३२३१ ही घड्याळाची चिप आहे, वायफाय असेल तेव्हा एनटीपीवरून (इंटरनेटवरच्या वेळेवरून) जुळवून घेतो. त्या चिपच्या निळ्या मोड्यूलवर साधी सीआर२०३२ बॅटरी घालणार असाल आणि ५ व्होल्ट देणार असाल तर चार्जिंगचा रेझिस्टर आधी काढा. ती बॅटरी चार्ज करायची नसते, फुगते.

मुंग्यांचा उपाय आजीच्या दुभत्याच्या कपाटाचा: चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. दमट हवेत दाणे मऊ पडतात, म्हणून डब्यात तीन दिवसांचंच खाणं आणि झाकणाला सिलिका जेलची पुडी. खाण्याला लागणारे प्रिंट पीईटीजी प्लास्टिकचे आहेत. नेहमीचं पीएलए प्लास्टिक गरम पाण्यात वाकडं होतं, आणि तेलकट दाण्यांमुळे गरम पाण्याशिवाय गत्यंतर नाही.

गेल्या चार दिवसांत सोळा जेवणं पडली. सगळ्यात कमी १३.७, सगळ्यात जास्त १४.६ ग्रॅम. एकदा अडकला, दुसऱ्या उलट्या फेऱ्यात सुटला.

गणपतीला आम्ही पाच दिवस गावी जाणार. यंत्राच्या भरवशावर ठकीला एकटं सोडायचं नाही हे पक्कं आहे, शेजारच्या काकू रोज दोनदा येऊन पाणी, डब्यातलं खाणं आणि तिच्या शी-शूची माती बघतील. त्या टेलिग्राम वापरत नाहीत. त्यांच्यासाठी पुढे एक मोठं लाल बटण बसवलं: वेळ चुकली असेल तरच दाबल्यावर एक जेवण पडतं, आधीच दिलेलं असेल तर हिरवा दिवा लागतो. काल संध्याकाळचं जेवण मुद्दाम बंद ठेवून काकूंना बोलावलं. त्यांनी बटण दाबलं, ऑगर घरघरला, झडप खट्कन उघडली. ठकी पलंगाखालून धावत आली. "बाई गं, खाल्लं की तिनं," म्हणत काकू तिथेच खाली बसल्या आणि ताटली रिकामी होईपर्यंत उठल्या नाहीत.